तेलातला कवड्या

३० जुलै ९८, गुरु.
काळ्या तेलाचा टँकर उलटून पाच दिवस झाले. ओझरच्या अलीकडचा पाझर तलाव अजून काळाच. दत्तूभाऊंचं शेत तलावाला लागून, तेच काय सापडेल ते आणून देतात. आज अकरा कासवं. बेडकांचं विचारू नये, पाटीभर मेलेले. न्हाणीघर, गच्ची, माझी परात, सगळं प्राण्यांच्या ताब्यात. आधी शेंगदाणा तेल चोळायचं, मग साबण. "तेलानं तेल काढायचं? कमाल हाय बाई," दत्तूभाऊ म्हणाले.
साबण, टब, औषधं, रोज स्वच्छ पाणी. सुधीरचा बँकेतला पगार कुठवर पुरणार? रविवारी गंगापूर रोडच्या महिला मंडळात मदत मागायची ठरलं. साप धरताना हात कापत नाही, माईकसमोर कापतो.

२ ऑगस्ट, रवि.
मंडळात कासवांचे फोटो दाखवले. बायकांचं लक्ष चहाकडे. मग पिशवीतला साप काढला. सकाळीच दत्तूभाऊंनी दुधाच्या किटलीतून आणलेला, हातभर, तेलानं काळाकुट्ट. सु. तेव्हा तलावावर गेलेला. मीच ओळखला : कवड्या, बिनविषारी. मनगटावर वेटोळं घालून गप्प बसला. हॉलचा नूरच पालटला. मंडळातल्या नीताताईंच्या ऋचानं, वय सात, दोन्ही हातांत घेतला. आणखी दोघीतिघींनी नुसतं बोट लावलं. नंतर मदतीचा डबा दोघींनी मिळून उचलावा लागला. रिक्षात मी गुणगुणत होते.

सायं. ५
साप धुतला. मानेकडे काही नाही. पुढे शेपटीपर्यंत पांढऱ्या रेघा, जोडीजोडीनं.
मण्यार.
सु.नं ती उचलून बरणीत घातली. मग, "कवड्या असा गरीब बसतो का कधी? हातात घेतला की डसतोच. दिवसा गप्प पडते ती मण्यार." हे मला माहीत होतं. लोकांना मीच शिकवते.
मण्यार चावलेली कळतसुद्धा नाही. मग केव्हातरी पोट दुखतं, पापण्या जड होतात, श्वास... भिंगानं माझं मनगट पाहिलं. काही नाही. पण ऋचाचे हात?
नीताताईंच्या घरी फोन नुसता वाजतोय. त्यांची शेजारीण म्हणाली, दुपारच्या गाडीनं नांदगावला गेल्या, माहेरी. तिथला नंबर तिच्याकडे नाही.

सायं. ७
मंडळाच्या अध्यक्षबाईंकडून नंबर मिळाला. नीताताई : "ऋचा? अंगणात खेळतेय की. का हो?"
"सहज," मी म्हणाले. पोटबिट दुखलं, डोळे मिटायला लागले तर लगेच दवाखान्यात न्या, साथ आहे म्हणे. साथ. कुठून सुचलं कोण जाणे.
सु. शेजारीच उभा होता. सगळं ऐकलं त्यानं. जेवला नाही.

३ ऑगस्ट, सोम.
सकाळी सातला पुन्हा नांदगावला फोन केला. ऋचा दूध पिऊन खेळायला गेली. न्हाणीघरात कासवांच्या मधे बसून रडले.
सु. : "आता तरी खरं सांग."
मी : "डबा परत मागतील. मग ह्यांचं काय करू?"
"कासवांचं मी बघतो. तू फोन कर."
केला नाही. मंडळात तोंड कसं दाखवणार, ही भीतीही आहेच. कासवांच्या नावावर खपवतेय इतकंच.

५ ऑगस्ट, बुध.
नीताताईंचा फोन, आपणहून. हसत होत्या. "अहो, तुमची शिष्या बघा. काळा साप काही करत नाही, असं सगळ्या पोरांना सांगत फिरतेय. काल गोठ्यात एक निघाला तर धरायलाच धावली. मामानं ओढली म्हणून."
मग सांगून टाकलं. ती मण्यार होती. चूक माझी. इतर दोघीतिघींनी हात लावला, त्यांनाही आजच सांगते.
नीताताईंचं हसणं थांबलं. मग, "तुम्हाला कधी कळलं?"
"रविवारी. संध्याकाळी."
"म्हणजे तुम्ही फोन केलात तेव्हा..."
फोन ठेवला त्यांनी.
अध्यक्षबाईंना कळवलं. डबा परत न्यायला माणूस पाठवतायत. सु. साबणाचे हात धुऊन शेजारी येऊन बसला.
मला डब्याचं काही वाटेना. ऋचाला जरा फोन द्या, मलाच सांगू दे तिला, एवढं म्हणायचं राहून गेलं. दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाही ती. चारदा लावला. उचलत नाहीत.