दुसरा मोबाईल नंबर

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

नाही म्हणजे नाही! पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचा रविराज आज फोनवर पुन्हा मलाच शिकवत होता — "मॅडम, तुम्ही तुमची कामाची पद्धत बदला, सॉफ्टवेअर आहे तसं राहू द्या." का म्हणून? आमच्या दूध संघात दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. त्याच्या सॉफ्टवेअरला फक्त महिना कळतो. मग गायींना सांगू का, बायांनो, महिन्याचं एकदम द्या?

अकाउंट्स माझ्याकडे आहेत. नवं सॉफ्टवेअर आमच्या मापाचं करून घ्यायचं कामही माझ्याच गळ्यात आहे, आणि मी ते करून घेणार. शेवटी दिले त्याने दहा दिवस बसवून. कुरकुरत का होईना.

५ फेब्रुवारी

छापील पावती आजपासून बंद. काट्यावर दूध घातलं की लिटर, फॅट, दर — सगळं मेसेजने. कागद वाचला म्हणून मॅनेजर सूर्यभान आबा खूश. मीही खूश.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ज्ञानेश्वरीताई काट्यावरून थेट माझ्या टेबलाशी आली. रिकामी किटली हातातच.

"मॅडम, पावती का बंद केली?"

म्हटलं, आता मोबाईलवर येतं सगळं.

"त्यातला नंबर ह्यांचा. हे टेम्पो घेऊन नाशकाला. दूध मी काढते, मीच घालते, अन् मेसेज नाशकाला जातो व्हय?"

मग कळलं. तिच्या गायीची फॅट रोज उतरत होती. पावती असती तर तिला लगेच समजलं असतं की कासेत काहीतरी बिघडलंय. नवऱ्याने मेसेज पाहिले आणि सांगायचं विसरला. गायीची कास सुजून दगडी झाली, डॉक्टर उशिरा आला, एक सड कायमचा गेला. ती भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझा बी नंबर टाका की त्यात. लई अवघड हाय का?"

पाहिलं. एका खात्याला एकच मोबाईल. खाती जवळजवळ सगळी बाप्यांच्या नावावर, आणि काट्यापुढच्या रांगेत जवळजवळ सगळ्या बाया. पुण्यात कुणाला हे सुचलं नाही ते ठीक, पण आम्ही तर रोज ती रांग बघतो.

११ फेब्रुवारी

रविराज म्हणतो, दुसरा नंबर स्टँडर्डमध्ये बसत नाही. बसत नाही तर बसव! सदरा होत नाही म्हणून कुणी अंग कापून घेत नाही. शेवटी म्हणाला, मॅनेजरची लेखी मंजुरी आणा, करून देतो.

१३ फेब्रुवारी

आबांपुढे कागद ठेवला. त्यांनी तो वाचला आणि बाजूला सारला.

"घराघरांत भांडणं लावायची हायत का, स्टेलाबाई?"

म्हटलं, पैसे जातात तिथेच जातील. मेसेज फक्त दोघांना जाईल.

"आज मेसेज मागत्यात, उद्या खातं मागतील."

"मागू देत की." तोंडातून निघूनच गेलं. आता निघालं ते बरं झालं असंच वाटतंय.

आबा चिडले नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरवर स्टाफची यादी उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. स्टेला डॅनी साळवे. मोबाईल नंबर — नवऱ्याचा, डॅनीचा.

"तुमच्या पगाराचा मेसेज कुणाला जातो, बाई?"

नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे मोबाईल नव्हता. डॅनीचा नंबर दिला, तो तसाच राहिला. बँकेतही तोच. शेजारच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं.

"आधी आपल्या घरात करून दाखवा," आबा म्हणाले. "मग आणा कागद. सही करतो."

अंगाचा तिळपापड झाला. लाजही वाटली, खोटं कशाला लिहू.

१६ फेब्रुवारी, रविवार

चर्चहून आल्यावर डॅनीने मटण केलं. रविवारी तोच करतो, छान करतो. जेवताना नंबराचा विषय काढला.

"काय फरक पडतो? हप्ते, लाइट बिल सगळं मीच बघतो ना. तुझ्या डोक्याला कशाला ताप?"

किती प्रेमाने म्हणाला! त्याचाच जास्त राग आला. ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं. भांडी मात्र जोरात घासली.

१७ फेब्रुवारी

रविराजला सांगितलं, दुसऱ्या नंबराची जागा तयार ठेव, मंजुरी येतेय. "नक्की?" म्हणाला. नक्की, म्हटलं. ठरलं तर मग.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात नंबर बदलला. जेवणाच्या सुट्टीत बँकेतही बदलला. तिथला माणूस फॉर्म हातात घेऊन विचारतो, "मिस्टरांना विचारलंय ना?" म्हटलं, "तुम्ही मिसेसना विचारून शिक्का मारता का?" मारला गुपचूप.

संध्याकाळी आबांपुढे पुन्हा कागद. त्यांनी स्टाफची यादी उघडून स्वतः खात्री केली.

"घरी सांगितलं?"

"ते माझं मी बघेन."

मी करेन असं त्यांना वाटलं नव्हतं. बराच वेळ पेन शोधलं, खिशातच होतं. पण शब्दाला जागले. सही केली.

२७ फेब्रुवारी

ज्ञानेश्वरीताईचा पहिला मेसेज! काट्यापाशीच उभी राहून तिने मोठ्याने वाचला — लिटर, फॅट, दर, सगळं. मागच्या दोघी लगेच माझ्याकडे नंबर द्यायला आल्या. मी उगाचच खिडकीकडे तोंड करून बसले.

१ मार्च, शनिवार

पगार झाला. पर्समध्ये माझा मोबाईल वाजला.

संध्याकाळी चहा पिताना डॅनीने दोनदा आपला मोबाईल उघडून पाहिला. मग म्हणाला, "या महिन्यात पगार लांबला का गं तुमचा?"

"नाही," म्हटलं. "सकाळीच झाला."