परत मिळालेल्या वस्तू

धर्माबाद,
१२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप विरूपाक्ष अण्णांना शिवकांताचे शरणार्थ.

सकाळी नांदेडला ठाण्यात जाऊन मल्लेशच्या वस्तू आणल्या. दुपारच्या बसनं घरी आले. अक्षरा कॉलेजात आहे. वहिनींनी पाठवलेली तूरडाळ मिळाली. तुमचा गुडघा कसा आहे?

परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "पोराचा फोन मिळाला की लातूरला पाठव. सगळं पुसून टाकतो. अक्षराचं स्थळ बघायचंय, कुणाच्या हाती लागाया नको." त्याचं उत्तर लिहिते आहे. तुमच्यासमोर मला तोंडानं बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे.

मल्लेशनं मोटारसायकल विकली आणि कागदावरचं नाव बदलायचं राहिलं. ती गाडी कुठल्याशा स्फोटाच्या तपासात निघाली. पोलिसांनी बोलावलं, ते बरोबरच होतं. घेणाऱ्याचं नावगाव त्यानं सांगितलं. मग त्यांनी फोन मागितला. मल्लेश तुम्हाला म्हणाला, "मामा, गाडीचं इचारा म्हणावं की. फोन कशाला?"

तुम्ही म्हणालात, "उघडून दे रे. आपल्याला काय लपवायचं हाय? चोर हाव का आपण?"

त्याचे वडील गेल्यापासून तुमचा शब्द त्यानं मोडला नव्हता.

नंतर साहेबांनी त्याच्या गळ्यातली चांदीची डबी तपासायला मागितली. आत इष्टलिंग आहे, जित्या माणसाच्या अंगावरून काढत नाहीत, असं तुम्ही सांगाल म्हणून मी वाट बघितली. तुम्हीच गाठ सोडलीत. तान्हा असताना तुमच्याच मांडीवर ठेवून स्वामींनी ते बांधलं होतं. गोदावरीत पोहतानासुद्धा त्यानं ते उतरवलं नाही.

साहेब फोनमधले मेसेज मोठ्यानं वाचत होते. "'तुझा आवाज ऐकल्याबिगर झोप येत न्हाई.' सत्यम? हे पोरीचं नाव हाय व्हय रं?" सगळे हसले. मल्लेश भिंतीकडे बघत होता. पोटभर वाचून झाल्यावर म्हणाले, "गाडीशी ह्याचा संबंध न्हाई. घिऊन जावा. वस्तू तपासून मागनं मिळतील."

येताना जीपमध्ये तुम्ही म्हणालात, "ह्यापरीस बाँब सापडला असता तर बरं झालं असतं." तो मागच्या सीटवर होता. त्याच आठवड्यात इस्लापूरला सहस्रकुंड धबधब्याच्या पाण्यात सापडला.

समाधीत बसवल्यावर हातात ठेवायला त्याचं लिंग नव्हतं. ते तपासणीत होतं. तुम्ही दुकानातून कोरं आणलंत. सत्यम लांब उभा होता. "तुझं काय काम हाय हितं?" म्हणालात. मूठभर माती न टाकताच तो गेला.

फोन आज मी त्याला दिला. नांदेडच्या बसस्टँडवर बोलावून घेतलं. त्यानं विचारलं, "मावशी, तुम्ही वाचलं का?"

"न्हाई बाबा. ते तुमचं हाय."

त्यानं फोन शर्टाच्या आत ठेवला आणि माझ्या पाया पडला.

तेव्हा पुसायला काही उरलेलं नाही. अक्षराचं स्थळ तुम्ही बघू नका. तिच्या लग्नालाही येऊ नका.

लिंग माझ्याकडे आहे. समाधी उकरता येत नाही. डबीवर त्यांनी चिकटवलेला नंबर नखानं खरवडून काढला. दोरा घामानं कडक झाला होता, त्याला मल्लेशचा वास होता. धुवू नये असं वाटत होतं. आत्ता बादलीत बुडवून धुतला, पिळला आणि अंगणातल्या तारेवर वाळत घातला.

मल्लेशची आई,
शिवकांता