ओल्या फडक्याखाली

मंगळवार, संध्याकाळ

दिघोरीच्या विहाराचं स्टीलचं रेलिंग उद्या लावायचं होतं. तयार आहे, चकाचक दिसून राहिलं.

काल ग्राइंडरनं घासताना नवी डिस्क काढायचा कंटाळा केला. ज्या डिस्कनं लोखंडी गेट घासलं होतं, तीच स्टीलले लावली. स्टीलले लागते तशी ऐंशी नंबरचीच खरखरीत होती, अर्धी शिल्लक होती. नंबर तेवढा पाहिला. वीस वर्षं हेच काम करून राहिलो, अन् मलेच आठवू नये? लोखंडाचे कण डिस्कमधून स्टीलमध्ये रुततात, मग तिथं जंग चढते.

आज सकाळी ध्यानात आलं, तेव्हाच जंग येते का पाहाले एका पाइपाले ओलं फडकं गुंडाळलं. दिवसभर उचलून उचलून पाहत होतो. बायको म्हणाली, "कितीकदा पाहता? चहा थंडा झाला." वाटलं, वाचलो बहुतेक. आत्ता पुन्हा उचललं. तीन ठिपके. मोहरीएवढे, तांबूस.

नव्या डिस्कनं सगळं पुन्हा घासावं लागते. विहार समितीच्या काकांना फोन केला. "जयभीम काका. उद्या नाही जमत."

"काहून रे? बुढ्या बाया पायऱ्या चढाले रेलिंगची वाट पाहून राहिल्या."

खरं सांगायले तोंड उघडलं होतं. निघालं काय, तर "लाइट नाही काका, दोन दिवसांपासून." डोक्यावर बल्ब जळत होता.

"मंग त्यात तुझा काय दोष?" काका म्हणाले. "तुझ्या हातचं काम आहे. थांबू आम्ही."

फडकं अजून माझ्या हातातच होतं.