शोभाच्या कर्जाला मी जामीन

१० नोव्हेंबर, सोमवार
क्रेडिट सोसायटीची नोटीस आली. माझ्या नावावर. पोस्टमननं दुकानातच सही घेतली, समोर गिऱ्हाईक. ब्लाऊजचं माप घेता घेता म्हटलं, कसलं तरी बिल असंल.

दोन पानं, सगळी कन्नडमध्ये. बाजारात मी कन्नडमध्ये भाव करते, भांडते, शिव्या पण देते. पण ही कायद्याची कन्नड. अक्षरं लावेपर्यंत घाम फुटला. माझं नाव, शोभाचं नाव आणि तीन लाखांचा आकडा, एवढंच कळलं. वाचून कुणाकडून घेऊ? शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दाखवली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या निपाणीला ठाऊक.

दोन वर्षांमागं शो.नं पार्लरसाठी कर्ज काढलं. "सुमे, नुसती सही गं. तुझं काय जातंय?" केली. न वाचता. ह्यांना न सांगता. आणि घर माझ्या नावावर हाय.

१२ नोव्हें., बुध.
शो. फोन उचलत न्हाय. चौदा वेळा लावला. पार्लरला कुलूप लागून दोन महिने झाले, ती माहेरी उचगावला जाऊन बसलीय. एका बाकावर शिकलो आम्ही. माझ्या बाळंतपणात सव्वा महिना डबा हिनं आणला. आणि आता फोन उचलायला हात मोडला व्हय? लई राग आलाय. लिहून पण कमी होईना.

ह्यांनी विचारलं, "अंगात कणकण हाय काय?" म्हटलं, न्हाय.

१७ नोव्हें., सोम.
माझ्या अकलेचं काय करावं!

परवा मोबाईलवर बोलून शोधलं, जामीनदारानं काय करावं म्हणून. ढीगभर व्हिडिओ आले. एकजण चांगलं समजावून सांगत होता, जिल्ह्याच्या अमक्या ऑफिसात अर्ज द्या म्हणून. आज सकाळची बस धरून कोल्हापूर गाठलं. दीड तास रांग. खिडकीतला म्हणाला, "मावशी, तुम्ही कर्नाटकातल्या. तुमचं हितं चालत न्हाय."

व्हिडिओ मराठीत, मी मराठी, म्हणजे माझ्याचसाठी सांगतोय असं धरून चालले. जन्म गेला बॉर्डरवर आणि हे डोक्यात येऊ नये? परत आल्यावर नवरीच्या आईची बोलणी खाल्ली. तिचे दोन ब्लाऊज आज द्यायचे होते.

१८ नोव्हें., मंगळ.
आज दुसरा व्हिडिओवाला सापडला. कोट घातलेला, मागं जाड जाड पुस्तकं. "शंभर टक्के कर्जमुक्ती." नंबर लावला तर लगेच उचलला, ताई ताई करत. नोटीस काय हाय हे विचारलं पण न्हाय. म्हणाला, "टेन्शन सोडा, ताई. सगळं होतंय. फक्त जिनं कर्ज घेतलं तिच्याशी अजिबात बोलायचं न्हाय. बोललात की जबाबदारी तुमच्या गळ्यात." फी पाच हजार, आजच्या आज भरली तर.

पैसे टाकायला मोबाईल हातात घेतला, आकडा पण घातला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मीटरभर कापड घेऊन, लांब बाहीचा ब्लाऊज हवा म्हणून हटून बसलं. मी म्हटलं, "बाई, ह्यात बसत न्हाय. पाव मीटर अजून आणा." ती फणकाऱ्यानं गेली.

मग डोक्यात आलं. मी कापड बघितल्याशिवाय होतंय म्हणत न्हाय, आणि हा नोटीस न बघता सगळं होतंय म्हणतोय. आकडा पुसला.

१९ नोव्हें., बुध.
व्हिडिओत एक बाई सापडल्या. बँकेतनं रिटायर झालेल्या, तिकडं सांगलीकडच्या. साध्या साडीत, मागं स्वयंपाकघराचं दार. मध्येच कुकरची शिट्टी झाली तर उठून गॅस बंद करून आल्या. प्रश्न लिहून पाठवा, शनिवारी उत्तर देते म्हणाल्या. लिहिला. आता ह्या किती मागतात बघू.

२२ नोव्हें., शनि.
मॅडमचं उत्तर आलं, बोलून पाठवलंय. तीन वेळा ऐकलं. तिसऱ्या वेळी रडले.

म्हणाल्या, "सुमनताई, पैसे मला पाठवायचे नाहीत. तुमच्या राज्यातलं मला पक्कं माहीत नाही, आणि अंदाजानं मी सांगणार नाही. तुमच्याकडच्या कोर्टात बायकांना मोफत वकील मिळतो, तिथं जा. मी सांगते ते सुद्धा त्यांच्याकडून ताडून घ्या. आणि नोटिशीत काय लिहिलंय ते तुम्ही मला कळवलंच नाहीत. वाचलीय का?"

न्हाय वाचली, बाई! बारा दिवस उशीखाली घालून झोपतेय.

ह्या एवढ्या गर्दीत 'मला माहीत नाही' म्हणणारं पहिलं माणूस. देव भलं करो त्यांचं.

२३ नोव्हें., रवि.
ह्यांना सांगितलं. जेवण झाल्यावर, एका दमात. ताट पण उचललं न्हाय. म्हणाले, "दोन वर्षं?" रिक्षा काढून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२४ नोव्हें., सोम.
कोर्टात गेलते. वकीलबाई पोरगीच हाय, माझ्या लेकीएवढी. कन्नडमध्ये वाचायची आणि मराठीत सांगायची. सात हप्ते थकलेत. तीस दिवसांत येऊन बोला, न्हायतर केस घालू, असं हाय. घराचा उल्लेखसुद्धा न्हाय!

मी तिचे हातच धरले. तर म्हणाली, "आक्का, थांबा. जामीन म्हणजे जबाबदारी हायच, ती मला पुसता येत न्हाय. शोभानी न्हाय भरलं तर तुमच्या मागं लागू शकतात. पण आज घर जात न्हाय. आधी त्यांना घेऊन या." खोटा धीर दिला न्हाय पोरीनं. पैसे विचारले तर हसली. फी न्हाय म्हणाली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. "हं" म्हणाले. पण चहा घेतला.

२६ नोव्हें., बुध.
उचगावला गेले. बसमध्ये सगळ्या शिव्या तयार करून ठेवल्या होत्या. दारात शो. उभी. निम्मी झालीय. मला बघून आत पळाली. मी मागनं.

"फोन का उचलत न्हाईस?" तर म्हणाली, "त्या सरांनी सांगितलंय. जामीनदाराशी बोललीस तर केस बिघडंल म्हणून."

कुठले सर? मोबाईल काढून दाखवला. तोच! कोट, मागं पुस्तकं, सगळं तेच. हिनं तीन खेपेला मिळून अठरा हजार घातलेत. हप्ते भरू नका म्हणाला, हिनं थांबवले. आधी दोनच थकले होते. बाकीचे पाच त्याच्या सांगण्यावरनं. आता तो हिचा फोन उचलत न्हाय.

तयार केलेली एक शिवी काढता आली न्हाय. मी पण त्याला आकडा घातला होता की. दोघी चुलीपुढं बसून रडलो. मग तिची आई वैतागून म्हणाली, "रडून झालं असंल तर भाकरी खावा." खाल्ली. लई दिवसांनी भूक लागली.

१ डिसें., सोम.
शो.ला घेऊन वकीलबाईकडं. तिनं सोसायटीला अर्ज लिहून दिला, कोटवाल्याची तक्रार पण लिहून घेतली. पैसे परत येतील असं म्हणाली न्हाय. "बघू" म्हणाली. आता मला 'बघू' म्हणणारी माणसंच आवडायला लागलीत.

मॅडमना कळवलं, पत्ता मागितला. म्हटलं, एक ब्लाऊज शिवून पाठवते, माप तेवढं सांगा. उत्तर आलं, "पत्ता मी कुणालाच देत नाही, आणि काही घेतही नाही." मला रागच आला! माणसानं एवढं पण कडक असू नये. मग वाटलं, घेतलं असतं तर मी विश्वास ठेवला असता व्हय?

४ डिसें., गुरु.
सोसायटीत गेलो. मॅनेजर नरमला. शो. बेळगावात दुसऱ्याच्या पार्लरमध्ये कामाला लागलीय, पगार किती ठरलाय त्याचा कागद दाखवला. हप्ता निम्मा करून देतो, मुदत वाढवतो म्हणाला. आम्ही एकमेकींकडं बघून हसतोय तेवढ्यात पुढचं बोलला. नवीन कागद होणार. जामीनदाराची सही परत लागणार.

शो. खाली बघत बसली. मी म्हटलं, विचार करून सांगते. असं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

५ डिसें., शुक्र.
मॅडमना विचारलं. "सही करा की नका करू, हे मी सांगणार नाही. केलीत तर किती पैशाला अडकता, किती वर्षं, आणि तिनं नाही भरलं तर तुमच्याकडं भरायला काय आहे, हे कागदावर मांडा. नवऱ्यासोबत बसून मांडा."

मांडलं. ह्यांनी रिक्षाचं किती, शिलाईचं किती ते सगळं लिहिलं. बारा दिवसांनी माझ्याशी एवढं बोलले. शेवटी म्हणाले, "मैत्रीण तुझी. ठरव तू. पण ह्या खेपेला मी संगं येतो."

माणसं किती चांगली भेटली मला ह्या महिन्यात. ह्यांच्यासकट.

६ डिसें., शनि.
दुपारी शो.चा फोन. आपणहून. म्हणाली, "सुमे, सही करू नकोस. माझ्यापायी परत नको. मी दुसरं कोणतरी बघते." दुसरं कोण हाय तिला? दोघींना पण ठाऊक हाय, कुणी न्हाय.

तिनं "तुझं काय जातंय" म्हटलं तेव्हा डोळे झाकून केली. आता नको म्हणतेय, तर करावी असं वाटायला लागलंय. हाच माझा रोग.

सोमवारी अकराला सोसायटीत बोलावलंय. वकीलबाई येते म्हणालीय, आधी सगळा कागद वाचून दाखवणार. ह्यांनी सकाळची भाडी सोडलीत. मी काय करणार ते अजून मलाच ठाऊक न्हाय.