डब्याला टेकवलेला फोन

रविवार, रात्र, नेरूळ

आज गच्चीवर पापड लाटायला ताईला ओढतच नेलं. ऐकू येईनासं झाल्यापासून ती चारचौघींत बसतच नाही. बायका हसल्या की ती "काय झालं?" विचारणार, आणि आम्ही म्हणणार, "नंतर सांगते." ते नंतर कधी यायचंच नाही.

आज तिने पिठाच्या डब्याला फोन टेकवला. आम्ही बोलू ते फोनच्या स्क्रीनवर लगेच मराठी अक्षरांत उमटत होतं. शेजारच्या काकूंनी लग्नातला किस्सा सुरू केला, तेवढ्यात कुरियरवाला आला म्हणून मी खाली गेले. परत येते तर ताई हसून हसून डोळे पुसतेय! फोन तसाच डब्याला टेकलेला, पिठाने पांढरा.

"काय झालं गं?"

वरही न बघता म्हणाली, "नंतर सांगते."

जेवणं झाली, तरी सांगितलेलं नाही. परत विचारू? छे! मिरवू दे तिला.