शैला बोर्डिंगात आहे

परळ, मुंबई
फेब्रुवारी १९५७

ती. सुंदराअक्कास,

रामदासाचा सप्रेम सलाम. दाजींच्या मांडीचं हाड आता कसं आहे? नाताळच्या पताका बांधायला या वयात शिडीवर चढणारा माणूस सबंध नगरात दुसरा नसेल. प्लास्टर निघालं का, ठणका लागतो का, ते सविस्तर कळव. इकडे आम्ही ठीक आहोत. ('खुशाल आहोत' असं लिहिणार होतो, पण इतकी वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करून वाईट खोड लागली आहे. चुकीचा शब्द हातून पुढे जात नाही.)

आनंदा, बकुळा आणि समू काल दुपारच्या बोटीने आफ्रिकेला परत गेले. दाजींचं हाड मोडल्यामुळे तुला येता आलं नाही, याचं तुला फार वाईट वाटलं असेल. वाटून घेऊ नकोस. तू आली असतीस तर खोटं बोलणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली असती, आणि तुझा चेहरा तर असा, की चहात साखर जास्त पडली तरी तो पाहुण्यांना सांगतो.

तुला माहीतच आहे, गेल्या पावसाळ्यात आनंदाचं ते पत्र मुद्दाम छापखान्याच्या पत्त्यावर आलं. त्याच्या थोरल्या शैलाला हिवताप झाला, तो डोक्यात चढला, आणि मिशनचा डॉक्टर चिखलात गाडी रुतवून बसला होता तोवर सगळं आटोपलं. आईला सांगायचं की नाही ते तू नि अक्का ठरवा, असं त्यानं लिहिलं होतं. आपण ठरवलं, नाही सांगायचं. दुसरं करणार काय होतो? त्याच वर्षी जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा आई गॅलरीत उभी होती. शेजारच्या गंगुबाईचा शिवा, गिरणीतून सुटून घरी येत होता बिचारा, हातात डबा, तो आमच्या चाळीच्या तोंडाशी पडला. आईनं तो पडताना पाहिला. त्या दिवसापासून तिचं हृदय जे अधू झालं ते झालंच. डॉक्टर म्हणाले, म्हातारीला आता धक्का म्हणून बसता कामा नये. मुंबईत राहून धक्का बसू द्यायचा नाही, हे औषध कुठल्या दुकानात मिळतं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

तर डिसेंबरात हे तिघं आले. नऊ वर्षांनी! गेले तेव्हा शैला रांगत होती, म्हणून आई बोटीच्या धक्क्यावर नजर खाली लावून बसली होती, रांगणारं काहीतरी शोधत. मग भानावर येऊन म्हणाली, "थोरली कुठाय?" मी लगेच म्हणालो, "शैला बोर्डिंगात आहे. परीक्षा बुडेल म्हणून नाही आणली." आनंदानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच... जाऊ दे. बकुळानं वाकून ट्रंकेचं कुलूप तपासलं. ते उघडं नव्हतंच, पण ती पुष्कळ वेळ तपासत राहिली.

अक्का, आपला आनंदा लहानपणी चोरून गूळ खायचा आणि विचारण्याआधीच कबूल व्हायचा, हे तुला आठवत असेल. उपदेशक होऊन तर तो पारच कामातून गेलाय. आईनं शैलाचं नाव काढलं की हा खिडकीशी जाऊन उभा राहायचा. त्यामुळे खोटं बोलण्याचं खातं सगळं माझ्याकडे आलं, आणि माझ्या हाताखाली सहा वर्षांचा समू. त्याला आम्ही एवढंच पढवलं होतं, की ताई बोर्डिंगात आहे म्हण. पोरगा गुणी निघाला. दुसऱ्या दिवशी ताई बोर्डिंगात पियानो वाजवायला लागली. आठवड्याभरात ती घोड्यावर बसली. नाताळच्या सुमारास तिनं सिंहाचा छावा पाळला, आणि आई माझ्यावर चिडली की एवढी मोठी गोष्ट मला कुणी सांगितली कशी नाही! ("छावा आहे तोवर ठीक आहे, पुढे काय?" असं ती मला गंभीरपणे विचारत होती. मी म्हणालो, पुढे सरकार घेऊन जातं.) रात्री बकुळानं समूला जवळ घेतलं. मला वाटलं, रागावणार. ती म्हणाली, "आणखी काय काय करते रे ताई?" तो झोप येईपर्यंत सांगत राहिला. त्यानंतर मी त्या पोराला कधी अडवलं नाही.

मग देवळाचा प्रसंग. आईनं हट्ट धरला, की मुलगा उपासना चालवणार आणि मी घरी बसणार होय? टॅक्सी करून नेली. आमच्या पाळकसाहेबांना शैलाचं मिशनकडून कळलं होतं; आईला ते माहीत नाही, हे मी त्यांना आधी सांगून ठेवायला हवं होतं. ठेवलं नव्हतं. ते स्वागताला उभे राहिले आणि गोड आवाजात म्हणाले, "आपल्या या बंधुभगिनींवर गतवर्षी जो दारुण प्रसंग..." आईचे कान अजून तिखट आहेत. मी बाकावरून खाली पडलो. अक्का, पडणं सोपं नसतं, विशेषतः दोन बाकांच्या मधे. हनुवटीला तीन टाके पडले, गायनपुस्तकांचा ढीग अंगावर आला, आणि पाळकसाहेबांचा दारुण प्रसंग राहिला तो राहिलाच. आईनं निदान केलं, की रामदासाला घेरी येते, लग्न न केल्याचे परिणाम. त्यानंतर पंधरवडाभर मला पेज मिळाली. बाकीच्यांना मटण.

यापुढचं हसून सांगता येण्यासारखं नाही, पण तुला सगळं कळायला हवं.

चाळीच्या पटांगणात समितीची सभा होती. निवडणूक जवळ आली आहे, त्यामुळे हल्ली इथे रोजच कुठे ना कुठे सभा. आमच्या चाळीचे पुढारी बाबुराव आनंदाला घेऊन गेले, "आफ्रिकेतले थोर पाहुणे" म्हणून खुर्चीवर बसवलं, गळ्यात हार घातला. (बाबुरावांची समजूत अशी, की आनंदा आफ्रिकेतून संयुक्त महाराष्ट्राला पाठिंबा घेऊन आला आहे. ती मोडायला कुणाला धीर झाला नाही.) मग शिवाच्या आईचा सत्कार झाला. गंगुबाईला वर बोलावलं, नारळ-लुगडं दिलं. बाबुराव म्हणाले, "या माउलीनं आपलं लेकरू मातीला दिलं, पण डोळ्यातून टिपूस काढलं नाही." खरंच, गंगुबाई दगडासारखी उभी होती. आणि बायकांच्या घोळक्यातून एकदम हंबरडा ऐकू आला. बकुळा. जमिनीवर बसून, कपाळ गुडघ्यांवर आपटत. बाबुराव थांबले, सभा थांबली. गंगुबाईनं नारळ टेबलावर ठेवला, खाली उतरली, बकुळाला काखेत धरून उठवली आणि आपल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. मी दाराशी गेलो तेव्हा आतून तिचा आवाज आला, "रड गो बाय, रड. हय कोण ऐकूचा नाय." गंगुबाईला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. नंतर कळलं, की त्या दाराआड ती स्वतःही पहिल्यांदाच रडली.

गॅलरीतून आईनं हे सगळं पाहिलं. "बकुळाला काय झालं रे?" मी म्हणालो, "तिचा संयुक्त महाराष्ट्रावर फार जीव आहे." आईला ते पटलं! दुसऱ्या दिवशी पाणी भरायला आलेल्या बायकांना ती अभिमानानं सांगत होती, की माझी सून परमुलखात राहते पण मराठी मातीसाठी कशी रडते बघा. आणि बकुळा रोज दुपारी गंगुबाईच्या खोलीत जायला लागली, तेव्हा आईची खात्री झाली, की तिथे समितीचं काम चालतं.

जानेवारीच्या शेवटी आनंदानं मला गच्चीवर नेलं. भायखळ्याच्या मंडळीत पाळकाची जागा रिकामी होती, ती त्याला देऊ केली होती. त्याला ती घ्यायची होती. म्हणाला, "दादा, मी तिथे उभा राहून देवाच्या दयेवर बोलतो नि माझाच आवाज मला परका वाटतो." मला आनंद झाला. म्हटलं, राहा. आईपाशी राहा. पण मग तो म्हणाला, "राहायचं तर खोट्यावर नाही राहायचं. मी आईला आज सांगणार." मी डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, "धक्क्यानं माणूस मरतं तसं खोट्यानंही मरतं." खाली आलो. तो आत आईच्या खाटेवर जाऊन बसला. मी आणि बकुळा दाराबाहेर उभे.

त्यानं तोंड उघडण्याआधी आईच बोलायला लागली. तिचा हात त्याच्या डोक्यावर होता. "आनंदा, एक गोष्ट कुणाला सांगितली नाही ती तुला सांगते. शिवा पडला ना, त्या रात्री मी देवाशी भांडले. म्हटलं, आता माझ्या घरातलं लेकरू पुरायची पाळी मला आणू नकोस. त्याआधी मला ने. आणि त्यानं ऐकलं बघ. तुम्ही तिघं सुखरूप आलात, पोर तिकडे शिकतेय. एवढी वर्षं चाळीचाळीतून शुभवर्तमान सांगत फिरले, पण माझा असा पुरावा मला कधी मिळाला नव्हता. तिकडे गेलास की उपासनेत सांग. माझ्या आईची प्रार्थना देवानं ऐकली, म्हण. सांगशील ना?"

मग आनंदा म्हणाला, "सांगेन, आई."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्याकडे पाहवेना. बकुळा त्याला म्हणाली, "भायखळ्याला नाही म्हणून कळवा." तो म्हणाला, "मी तिथे जाऊन लोकांना काय सांगू, बकुळा?" ती म्हणाली, "तुम्ही नका काही सांगू. मला जायला हवं. तिच्यापाशी कुणी नाहीये तिकडे." इतके दिवस आम्ही सगळे समजत होतो, की बकुळाला इथेच राहायचं असणार. कुणी तिला विचारलंच नव्हतं.

काल निघताना आई खाली उतरू शकली नाही. गॅलरीतून हात हलवत होती. आनंदाची मान खाली. बकुळा मात्र टॅक्सीच्या खिडकीतून मागे पाहत होती, गंगुबाईकडे.

अक्का, हे फार झालं. आनंदाचं खरं आहे. ईस्टरला दाजी चालायला लागले की तू ये, आपण दोघं मिळून आईला सांगू. डॉक्टरांना बाजूच्या खोलीत बसवून ठेवू. कितीही कठीण असलं तरी तिच्या पोटच्या पोरांनी तिला फसवू नये. दाजींना सलाम, मालनला पापा.

तुझा,
रामदास

ता. क. : वरचा शेवटचा परिच्छेद मनावर घेऊ नकोस. रविवारी लिहिला होता. आज सोमवार. आई सकाळपासून धरून बसली आहे, की शैला आता मोठी झाली, आजीला स्वतःच्या हातानं पत्र का लिहीत नाही? आनंदाला निघताना सांगितलं होतं म्हणे. आनंदा तसलं काही पाठवणार नाही, हे मला ठाऊक आहे. आणि माझं अक्षर आई लांबून ओळखते, तिनंच पाटीवर गिरवून घेतलंय. तुझी मालन साधारण शैलाच्याच वयाची. महिन्या-दोन महिन्यांनी एक पान लिहील का? पाकिटाची काळजी करू नकोस, आनंदाच्या पत्रात घालून मी आईला देत जाईन.

ता. क. दुसरी : मालनला काय सांगायचं ते तू ठरव. पियानो, घोडा चालेल. सिंह सरकारनं नेला आहे.

ता. क. तिसरी : तिकडच्या शाळा जानेवारीत सुरू होतात असं बकुळा म्हणाली होती, पण आई आपली जूनच धरून चालते. तेव्हा जूनच्या पत्रात शैला पाचवीत गेली असं लिहायला सांग. विसरू नको हं.