कोटावरची दोन अक्षरं

दि. ९, गुरुवार

दादा,

तुला नमस्कार, वहिनीलाही, आणि आता भांडण पुढे चालू. मागच्या पत्रात तू लिहिलंस, "तू तिकडे चेंडूमागे पळतोस आणि इकडे आईला ताटातलं दिसत नाही." अरे, मी चेंडूमागे पळत नाही. पळणाऱ्यांचे मोजे धुतो. किती वेळा सांगू? पंचवीस जणांचे मोजे, चड्ड्या, जर्सी. चिखल आधी गार पाण्यात सोडायचा, गरम पाणी लावलं की डाग जन्माचा. हे मला धुलाईखोलीतल्या काकांनी शिकवलं, नाहीतर पहिल्याच आठवड्यात हाकलला असता मला.

फोनच केला असता, पण तू स्पीकर लावतोस आणि आई ऐकते.

इकडची बातमी म्हणजे फुटबॉल संघाच्या मॅनेजरला काढलं. सात सामने ओळीनं हरलो. तेव्हापासून क्लबात एकच विषय, आता कोण? स्वयंपाकीणबाई म्हणतात, बाहेरचा कोणीतरी येणार, कारण ऑफिसनं त्यांना बिनमिठाचं जेवण जमेल का विचारलं. गवत कापणारा म्हणतो, आपला जुना गोलकीपर. वॉचमन तर रोज एक नेमतो. मी विचारलं, "कालच्याचं काय झालं?" तर म्हणाला, "काढला त्याला. जमेना."

खरं सगळ्यात आधी कळतं ते आमच्या खोलीला. नवा मॅनेजर आला की पहिल्याच दिवशी फोटो काढतात, म्हणून त्याचा कोट आधीच तयार लागतो. छातीवर त्याच्या नावाचं एक आणि आडनावाचं एक, अशी दोन अक्षरं इस्त्रीनं चिकटवायची. ऑफिसातून चिठ्ठी येते, काका वाचतात आणि गिळून बसतात. एकतीस वर्षांत नऊ मॅनेजर झाले, काकूंना नाव दुसऱ्या दिवशी पेपरातच कळायचं.

काका आता येत नाहीत. मीच बघतो सगळं. पगार थोडा वाढलाय.

आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का? एकाच डोळ्याचं करणार की दोन्ही? तिला म्हणावं, घाबरू नकोस.

दादा, मला तुझ्यासारखं वळण घेऊन लिहिता येत नाही. सांगूनच टाकतो.

गेटवर एक वार्ताहर रोज उभा असायचा. मला म्हणाला, "नाव नको सांगूस. नुसती दोन अक्षरं सांग." मला वाटलं, दोन अक्षरांनी काय होतंय? तो म्हणाला, "किती हवेत?" तुझं पत्र खिशात होतं. डॉक्टरांचा आकडा तू दोनदा अधोरेखित केला होतास. तोच माझ्या तोंडून निघाला. त्यानं घासाघीससुद्धा केली नाही. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

दुसऱ्या दिवशी पेपरात नाव, आणि वर हेही की कोटावर अक्षरं चढलीत. तो माणूस अजून दुसऱ्या क्लबात होता. तिथले चाहते चिडून त्याच्या घरासमोर जाऊन बसले. संध्याकाळी त्यानं आम्हाला नकार कळवला.

क्लबाचे साहेब थेट आमच्या खोलीत आले. "या खोलीच्या किल्ल्या किती?" माझ्या खिशात दुसरी किल्ली होती. काकांनीच करून दिली होती, मला पहाटे ताटकळायला लागू नये म्हणून. ऑफिसला न विचारता. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "एकच. माझ्याकडं."

मी तिथंच उभा होतो, दादा. हातात ओले मोजे. पाणी बुटांवर गळत होतं.

त्याच दिवशी काकांना घरी बसवलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "कोटावरची अक्षरं वाफेवर सोडव. ओढू नकोस, कापड जातं."

रविवारी त्यांच्या घरी गेलो. पैसे बरोबर नेले होते, सांगायचंच असं ठरवून. काकूंनी दार उघडलं. "बघ ना रे, म्हणतात मीच सोडली नोकरी, कंटाळलो. एकतीस वर्षांत न आलेला कंटाळा एका दिवसात येतो होय?" काका आत खिडकीशी बसले होते. मला म्हणाले, "आईचं काम झालं का?" मी नाही म्हणालो. "मग आधी ते कर." मी चहा पिऊन परत आलो. असा भाऊ आहे तुझा.

अक्षरं सोडवली, पण त्यांची जागा दिसते. कोट खुंटीला आहे. सगळे पुन्हा विचारतात, "आता कोण रे? तुला तर माहीत असेल." काल नवी चिठ्ठी आलीय. मी ती अजून उघडलेली नाही.

आईला एवढंच सांग की पगारातून साठवले. तुला खरं सांगितलं, कारण कोणाला तरी ठाऊक असायला हवं. शिव्या द्यायच्या तर पत्रातून दे. पैसे परत पाठवू मात्र नकोस, इकडे आता ते घेणारं कोणी नाही.

त्यातली एकही नोट मोडलेली नाही. तू लिहिले होतेस तेवढेच पाठवतोय, चाळीस हजार.

तुझा धाकटा